सोरायसिस, आतडं आणि आपलं ताट

सोरायसिसचं, म्हणजे कातडीवर खवल्यांचे चट्टे उठवणाऱ्या आजाराचं, निदान झालं की सांगली-मिरजेकडे औषधाची चिठ्ठी घरी पोचायच्या आत पथ्याची यादी पोचलेली असते. वांगं बंद, आंबट बंद, मासे बंद, तेलकट तर बंदच. अलीकडे या जुन्या यादीला नवी पुरवणी जोडली गेली आहे: गहू बंद, दूध बंद, डाळी बंद आणि आतडं दुरुस्त करणारी एखादी महागडी पावडर सुरू. सांगणारा म्हणतो, आतडं गळकं झालंय, त्यातून घाण रक्तात जाते आणि कातडीवर फुटते. आतडं बरं केलं की कातडी आपोआप बरी होईल.

या सांगण्यात खऱ्याचा अंश आहे, म्हणून तर ते पटतं. आतडं आणि त्वचा यांचं नातं खरंच आहे. पण त्या नात्यावरून ताटात काय बदलायचं, याचं उत्तर प्रत्येक त्वचारोगात वेगळं येतं. एका आजारात जेवण हेच मुख्य औषध ठरतं. सोरायसिसमध्ये ते औषधाला हातभार लावतं. आणि लहान मुलांच्या इसबात ताटातून भराभर पदार्थ काढले तर मुलाचं नुकसान होतं. म्हणून काय सोडायचं हे विचारण्याआधी आपल्याला नेमकं काय झालंय, हे त्वचारोगतज्ज्ञाकडून पक्कं करून घ्यायला हवं.

पोट आणि कातडी यांची सांगड काही आजची नाही. १९३० मध्ये जॉन स्टोक्स आणि डोनाल्ड पिल्सबरी या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञांनी मनाचा ताण, आतड्यातले जिवाणू आणि त्वचेचा दाह यांना एका धाग्यात ओवणारी मांडणी केली होती. उपाय म्हणून त्यांनी जिवाणूंनी आंबवलेलं दूधही सुचवलं होतं. त्या काळी हे तपासायची साधनं फारशी नव्हती. आता आहेत.

लहान आतड्याचं अस्तर पेशींच्या एकाच थराचं असतं. अन्न आणि जिवाणू एका बाजूला, रक्त आणि प्रतिकारशक्तीच्या पेशी दुसऱ्या बाजूला, मध्ये एवढीच भिंत. तीही दर तीन ते पाच दिवसांनी नव्यानं उभी राहते. पेशींमधले सांधे गरजेप्रमाणे सैल-घट्ट होतात. २००० साली अलेसियो फसानो यांच्या गटानं हे सांधे सैल करणारं प्रथिन शोधलं आणि त्याला झोन्युलिन हे नाव दिलं. गळक्या आतड्याच्या आजच्या जाहिराती या संशोधनाचा आधार घेतात. पण झोन्युलिन मोजण्याच्या नावाखाली विकले जाणारे काही किट प्रत्यक्षात भलतीच प्रथिनं मोजतात, हेही पुढे संशोधकांनीच दाखवून दिलं. त्यामुळे अशा चाचणीचा आकडा हातात घेऊन कुणी पथ्य ठरवत असेल, तर पैसे खिशातच ठेवावेत.

आता तो आजार, ज्यात जेवण हेच औषध आहे. १८८४ मध्ये फिलाडेल्फियाच्या लुई ड्युरिंग यांनी त्याचं वर्णन केलं. त्याचं नाव डर्माटायटिस हर्पेटिफॉर्मिस. नाव हर्पिससारखं वाटलं तरी नागिणीशी त्याचा काही संबंध नाही. कोपरं, गुडघे आणि ढुंगणावर बारीक फोडांचे पुंजके येतात आणि खाज इतकी, की फोड दिसायच्या आत माणूस ते खाजवून फोडून टाकतो. अनेकदा खरूज समजून महिनोन्‌महिने मलमं लावली जातात. डॅप्सोन या गोळीनं काही दिवसांतच खाज थांबते, हे डॉक्टरांना ठाऊक होतं. हीच गोळी कुष्ठरोगावरही दिली जाते. पण ती बंद केली की फोड परत येत.

उत्तर पोटात सापडलं. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये पावाची भीषण टंचाई झाली. विलेम डिक हे बालरोगतज्ज्ञ सिलिॲक हा आतड्याचा आजार असलेली मुलं बघत होते. गव्हानं ही मुलं बिघडतात असा त्यांचा संशय आधीपासून होता, आणि तो या काळात बळावला. १९५० मध्ये त्यांनी आपला प्रबंध मांडला. पुढे १९६६ मध्ये इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी दाखवलं, की या फोडांच्या रुग्णांचं आतडंही सिलिॲकसारखंच बिघडलेलं असतं, भले त्यांचं पोट कधी दुखत नसो. गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्यात प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) तयार होतात आणि त्वचेतल्या एका विकराला जाऊन चिकटतात. तिथं दाह होतो, फोड येतात. गहू, जव आणि राय कायमचे सोडले की आतडं भरून येतं आणि हळूहळू गोळीही सोडता येते. याला अनेक महिने, कधी दोन वर्षंही लागतात.

हा आजार आपल्याकडे विरळाच आहे. तो ज्याच्याशी जोडलेला आहे त्या सिलिॲकचं प्रमाण उत्तर भारतात १०० मध्ये साधारण एक, तर दक्षिणेत १,००० मध्ये एक, असं २०१६ च्या एका मोठ्या भारतीय पाहणीत आढळलं. पण ज्याला तो आहे, त्याचं आयुष्य योग्य निदानानं पालटतं, म्हणून त्यावर इतकं लिहिलं. इथं एक गोष्ट कळकळीनं सांगावीशी वाटते. संशय असेल तर गहू सोडण्याच्या आधी रक्ताची तपासणी करा. गहू सोडून काही महिने झाले की रक्तातली प्रतिपिंडं ओसरतात आणि आजार असूनही तपासणी निर्दोष येऊ शकते.

आणि ज्यांना हे पथ्य खरंच लागू आहे, त्यांनी आपल्याकडच्या जेवणात ग्लुटेन कुठे कुठे लपलेलं असतं, ते ओळखून ठेवावं. कृष्णाकाठी पिकणारा खपली गहू ‘पचायला हलका’ म्हणून हल्ली चढ्या भावानं विकला जातो. त्यातही ग्लुटेन असतंच. सातूच्या पिठात गहू किंवा जव असतो. आमटीतला बांधणीचा हिंग अनेकदा मैद्यात किंवा कणकेत मळलेला असतो. ज्वारी निर्धोक, पण गिरणीत गव्हाच्या दळणावर ज्वारी टाकली तर पिठात गहू येतोच. गिरणीवाल्याला ‘ज्वारीवर ज्वारी टाका’ म्हणायला संकोचू नये. जमलं तर घरीच दळावं.

सोरायसिसकडे येऊ. निरोगी त्वचेची पेशी तळातून वर येऊन झडायला साधारण महिना घेते. सोरायसिसच्या चट्ट्यात हाच प्रवास चार-पाच दिवसांत उरकतो. अर्धकच्च्या पेशींचे थर साचतात आणि त्यांच्या पांढुरक्या खवल्या पडतात. मूळ कारण प्रतिकारशक्तीच्या चुकलेल्या हुकमात आहे. त्यात इंटरल्यूकिन-२३ आणि इंटरल्यूकिन-१७ या संदेशवाहक रेणूंचा वाटा मोठा आहे. आनुवंशिकतेचा कल असतो आणि त्यावर घशाचा संसर्ग, ताण, काही औषधं, धूम्रपान, वाढलेलं वजन यांतलं काहीतरी ठिणगी टाकतं. हा आजार कुणाला शिवल्यानं, एका ताटात जेवल्यानं लागत नाही. तरी आजही लग्नकार्यात सोरायसिसच्या माणसाला पंगतीत वाढू दिलं जात नाही, याचं फार वाईट वाटतं.

आतड्याशी याचं नातं आहेच. क्रोन या आतड्याच्या आजाराच्या रुग्णांत सोरायसिस जास्त आढळतो. इंटरल्यूकिन-२३ अडवणारी इंजेक्शनं दोन्ही आजारांत उपयोगी पडतात. मग इंटरल्यूकिन-१७ अडवणारं सेक्युकिनुमॅबही दोन्हीकडे चालेल, असं शास्त्रज्ञांना वाटलं. त्वचेवर त्यानं कमाल केली. क्रोनच्या रुग्णांवरची चाचणी मात्र २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली तेव्हा दिसलं, की फायदा तर झाला नाहीच, उलट काहींचा आजार वाढला. जो रेणू त्वचेत आग लावतो, तोच आतड्याच्या अस्तराची राखणही करतो. ‘आतडं बरं करा, कातडी बरी होईल’ हे सरळसोट सूत्र इथंच अडतं. दोन्ही अवयव एकमेकांशी बोलतात, पण दोघांची गरज एकच असेल असं नाही.

मग जेवणानं काय साधतं? सगळ्यात भक्कम पुरावा वजनाचा आहे. पोटावरची चरबी दाह वाढवणारे रेणू सतत रक्तात सोडत असते. डेन्मार्कमध्ये ६० स्थूल रुग्णांवर १६ आठवड्यांची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले. कमी उष्मांकाच्या जेवणावर ठेवलेल्या गटाचं वजन सुमारे १५ किलो उतरलं, चट्टे कमी होण्याकडे कल दिसला आणि रोजचं जगणं स्पष्टपणे सुसह्य झालं. अमेरिकेतल्या नॅशनल सोरायसिस फाउंडेशननं २०१८ मध्ये आहाराच्या शिफारशी केल्या, त्यातही ठाम शिफारस हीच: वजन जास्त असेल तर कमी करा. ग्लुटेन सोडण्याचा सल्ला त्यांनी फक्त ज्यांच्या रक्तात त्याची प्रतिपिंडं सापडतात त्यांच्यापुरता ठेवला, आणि तोही सौम्य शब्दांत. भारतीयांसाठी कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या वर गेला, की धोक्याची सीमा ओलांडली समजतात. शिंप्याची टेप घेऊन हे घरीच मोजता येतं.

फ्रान्समध्ये ३५ हजारांहून अधिक लोकांच्या पाहणीत भाज्या, डाळी, फळं, अख्खी धान्यं, मासे आणि ऑलिव्ह तेल असं भूमध्य सागराकाठचं जेवण जेवणाऱ्यांत तीव्र सोरायसिस कमी आढळला. नुसत्या पाहणीतून कारण सिद्ध होत नाही, पण दिशा कळते. तिथलं जेवण आपण इथं उचलून आणायची गरज नाही. त्यातलं तत्त्व आपल्या जुन्या ताटात बसतं. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ किंवा माण-खटावकडची शाळू ज्वारी घ्या. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू असतात, पॉलिशच्या तांदळात जेमतेम तीन. हे तंतू आपल्याला पचत नाहीत, ते मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंचं खाद्य आहे. त्यातून जिवाणू ब्युटिरेट तयार करतात आणि आतड्याच्या पेशी त्यावर जगतात. शिजवून गार झालेल्या धान्यात न पचणारा स्टार्च वाढतो, म्हणजे कालची भाकरीही या जिवाणूंना आवडते. ब्युटिरेटमुळे दाह आवरणाऱ्या प्रतिकारपेशी वाढतात, हे २०१३ मध्ये उंदरांत दिसलं. माणसाच्या चट्ट्यांवर त्याचा थेट किती परिणाम होतो, हा पुढचा प्रश्न. पण हुलग्याचं माडगं, मटकीची उसळ, मेथी-चाकवत, मूठभर शेंगदाणे आणि ताक यांनी वजन, साखर आणि हृदय सांभाळलं जातं. सोरायसिसच्या रुग्णाला मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, तेव्हा हेही काही थोडं नाही.

उलट पथ्याच्या नावाखाली काय होतं, ते घरात पाहिलंय. तासगावकडच्या माझ्या मावशीनं चट्टे आले तसं डाळी, दूध, भाज्या सोडत सोडत ताट भात आणि मुगाच्या पाण्यावर आणलं होतं. चट्टे होते तिथंच राहिले. अशक्तपणानं ती इतकी खचली, की डॉक्टरांना आधी तिचं रक्त वाढवावं लागलं. वांगं किंवा आंबट खाल्ल्यानं सोरायसिस वाढतो याला पुरावा नाही. दारू आणि विडी-सिगारेट यांचा पुरावा मात्र आहे, आणि नेमकं त्यांचंच नाव घरच्या यादीत क्वचित असतं.

हळदीबद्दल सांगलीत लिहायचं तर जपून लिहावं लागतं. इथल्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि तिचा अभिमान मलाही आहे. हळदीतलं कर्क्युमिन प्रयोगशाळेत दाह कमी करतं. पण हळदीत ते साधारण तीन टक्के, आणि आतड्यातून रक्तात फारच थोडं उतरतं. भाजी-आमटीतली हळद खुशाल खावी. मिरीचा अर्क घालून शोषण वाढवलेल्या कर्क्युमिनच्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या घटना मात्र नोंदल्या गेल्या आहेत. सोरायसिसच्या अनेक रुग्णांना मेथोट्रेक्सेट हे औषध चालू असतं आणि त्याचा भारही यकृतावरच पडतो. अशांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या गोळ्यांना हात लावू नये.

लहान मुलांच्या इसबाचं थोडक्यात सांगते. त्याचं एक मोठं कारण त्वचेच्याच भिंतीत आहे. फिलॅग्रिन या प्रथिनाच्या जनुकातला दोष २००६ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी इथल्या संशोधकांनी दाखवला. दिवसातून दोनदा भरपूर मॉइश्चरायझर हा तिथला पाया आहे. इसब बरं करायला प्रोबायोटिकचा, म्हणजे उपयोगी जिवाणू असलेल्या औषधांचा, फारसा उपयोग होत नाही, असं अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात दिसलं. तपासणीशिवाय दूध, अंडी, शेंगदाणे बंद केले तर वाढ खुंटू शकते, शिवाय पुढे तोच पदार्थ पोटात गेल्यावर तीव्र ॲलर्जी उठण्याची भीती वाढते.

सर्वांत जास्त धास्ती वाटते ती बिननावाच्या पुड्यांची. ‘आतड्यातून रोग काढतो’ म्हणून दिलेल्या पुडीनं आठवड्यात कातडी लख्ख झाली, तर तिच्यात स्टेरॉइड असण्याची शक्यता धरावी. सोरायसिसमध्ये तोंडावाटे घेतलेलं स्टेरॉइड अचानक थांबलं, की अंगभर पू भरलेले फोड येऊ शकतात किंवा सगळी कातडी लाल होऊन सोलते. अशा वेळी रुग्णाला तातडीनं रुग्णालयात दाखल करावं लागतं.

तरीही एखादा पदार्थ आपल्याला बाधतो अशी शंका असेल, तर ती तपासता येते. चालू औषधं तशीच ठेवायची. एका वेळी एकच पदार्थ सोडायचा, चार ते सहा आठवडे. सुरुवातीला चट्ट्यांचे फोटो काढायचे, त्याच जागी, त्याच उजेडात, आणि शेवटी पुन्हा. मग तो पदार्थ परत खाऊन बघायचा. सोरायसिस आपणहूनही कमी-जास्त होतो, हिवाळ्यात अनेकांचा वाढतो, त्यामुळे परत खाऊन पाहिल्याशिवाय दोष पदार्थाचा की ऋतूचा हे कळत नाही. फरक दिसला नाही तर तो पदार्थ ताटात परत येऊ द्यायचा. आणि सकाळी उठल्यावर बोटं किंवा टाचा अर्धा तास आखडलेल्या राहत असतील, तर हे प्रयोग बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना सांगायचं. सोरायसिस सांध्यांत उतरला असेल, तर उपचाराला झालेला उशीर आहारानं भरून निघत नाही.