थीम पार्कमधील कथन व परिवेशरचना

थीम पार्कमधील कथन व परिवेशरचना : आपण एखाद्या कथेच्या किंवा कल्पित प्रदेशाच्या आत आहोत असे पाहुण्याला वाटावे, यासाठी वास्तू, यंत्रे, संगीत, वेशभूषा, खाद्यपदार्थ आणि रांगा यांची केलेली एकत्रित योजना. जत्रेतला पाळणा हा पाळणाच असतो. थीम पार्कमध्ये तो खाणीतली गाडी, चाच्यांची होडी किंवा अंतराळयान होतो. अमेरिकेतील डिझ्नी आणि युनिव्हर्सल या स्पर्धक कंपन्यांच्या उद्यानांत या रचनेचा सर्वाधिक विस्तार झाला. नेदर्लंड्समधील एफ्टेलिंगची परंपरा त्यांहून वेगळी आहे.

उगमाविषयी मतभेद : पहिले थीम पार्क म्हणून १७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियातील ॲनाहाइम येथे उघडलेल्या डिझ्नीलँडचे नाव सर्रास घेतले जाते. संज्ञाही साधारणपणे १९६० च्या आसपास रूढ झालेली दिसते. तारखांचा हिशेब मात्र डिझ्नीलँडच्या बाजूचा नाही. इंडियाना राज्यातील सांता क्लॉज लँड (सध्याचे हॉलिडे वर्ल्ड) ३ ऑगस्ट १९४६ रोजी सुरू झाले व नाताळ हाच त्याचा विषय होता. ॲनाहाइमच्या शेजारीच, ब्वेना पार्क येथे, वॉल्टर नॉट या बेरी पिकवणाऱ्या शेतकऱ्याने १९४० पासून ओसाड पडलेल्या खाणगावाची प्रतिकृती उभारायला घेतली होती. कारण अगदी घरगुती होते. पत्नी कॉर्डेलिया यांच्या हातच्या तळलेल्या कोंबडीसाठी लांबलचक रांगा लागत आणि ताटकळणाऱ्यांना काहीतरी दाखवणे भाग होते. जुन्या गावांतील काही खऱ्या इमारतीही नॉट यांनी उचलून आणल्या. त्यांच्या बाजूने बोलणारे अभ्यासक हा पुरावा पुरेसा मानतात. विरोधकांचे म्हणणे असे, की या गावाला १९६८ पर्यंत कुंपण नव्हते आणि प्रवेशशुल्कही नव्हते, तेव्हा त्याला उद्यान कसे म्हणावे?

आणखी मागे गेल्यास न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवरील लूना पार्क (१९०३) लागते. त्याचे मूळ १९०१ च्या बफलो येथील पॅन-अमेरिकन प्रदर्शनात फ्रेडरिक टॉम्पसन यांनी मांडलेल्या ‘चंद्राची सफर’ या खेळात आहे. प्रेक्षक पंख हलवणाऱ्या ‘लूना’ नावाच्या नौकेत बसत, पृथ्वी दूर जाताना पाहत, चंद्रावर उतरत आणि तेथील बुटके रहिवासी त्यांना हिरवे चीज खायला देत. उद्यानाचे नाव या नौकेवरून पडले असे मानतात. टॉम्पसन यांचे भागीदार एल्मर डंडी यांच्या बहिणीचे नाव लूना होते, असेही सांगितले जाते. आज थीम पार्कमध्ये आढळणारे जवळजवळ सर्व घटक (प्रवासाचे निमित्त, वेशधारी कलावंत, कथेतला खाऊ) या एका खेळात आहेत. तरीही विषय पहिल्यांदा कोणी आणला याहून बाहेरचे जग पहिल्यांदा कोणी झाकले, हा निकष अधिक कामाचा वाटतो. आणि त्या निकषावर डिझ्नीलँडचा दावा टिकतो. उद्यानाभोवती मातीचा उंच बांध घालून त्यावर आगगाडी फिरवली गेली, ती बाहेरचे शहर आतून दिसू नये म्हणून. आतील किल्ला जेमतेम २३ मी. उंच आहे; वरच्या मजल्यांचे प्रमाण लहान करत नेल्याने तो बराच उंच भासतो.

पाहुण्याची भूमिका : कथेत पाहुणा कोण, हा या रचनेतील कळीचा प्रश्न होय. १९५५ मधील डिझ्नीलँडच्या हिमगौरीच्या राइडमध्ये हिमगौरी नव्हतीच. गाडीत बसलेला माणूसच हिमगौरी, त्यामुळे चेटकीण सरळ त्याच्यावर चाल करून येई. ही कल्पना लोकांच्या गळी उतरली नाही, ‘हिमगौरी कुठाय?’ हीच विचारणा होत राहिली आणि १९८३ च्या नूतनीकरणात तिची आकृती बसवावी लागली. पीटर पॅनच्या राइडचेही तेच झाले. १९६७ च्या कॅरिबियन चाच्यांच्या सफरीत यावर दुसरा तोडगा निघाला. तेथे कथानक नाही, नुसती दृश्ये आहेत आणि होडीतला माणूस पार्टीत इकडचेतिकडचे बोलणे कानावर पडावे तसा त्यांतून जातो. ही उपमा वॉल्ट डिझ्नी यांच्या नावावर सांगितली जाते. गंमत अशी, की २००३ मध्ये या राइडवरून चित्रपट निघाला आणि २००६ मध्ये चित्रपटातील नायक उलट राइडमध्ये आणून बसवला गेला.

भुताचा वाडा व काचेची युक्ती : डिझ्नीलँडमधील भुताच्या वाड्याचा दर्शनी भाग १९६३ मध्ये पुरा झाला, राइड मात्र ऑगस्ट १९६९ मध्ये उघडली. विलंबाची कारणे अनेक दिली जातात. १९६४-६५ च्या न्यूयॉर्क जागतिक मेळ्याचे काम व १९६६ मध्ये वॉल्ट डिझ्नी यांचा मृत्यू ही त्यांपैकी प्रमुख. अंतर्गत मतभेदही होते. डिझ्नीचे रचनाकार क्लॉड कोट्स यांना अंधारा, भयावह परिवेश हवा होता, तर त्यांचे सहकारी मार्क डेव्हिस यांना विनोदी पात्रे. अखेर दोघांचेही राहिले. पहिला अर्धा भाग रिकामा व उदास आहे आणि दुसऱ्यात भुतांचा धुडगूस. ही तडजोड होती की योजना, यावर एकमत नाही. दोन्ही भागांची धाटणी पाहता तडजोडच असावी. गाड्या अखंड साखळीत चालतात आणि हव्या त्या क्षणी हव्या त्या दिशेला वळवल्या जातात, म्हणजे प्रेक्षकाची मानच दिग्दर्शकाच्या हाती येते.

नृत्यशाळेतील पारदर्शक भुते ही ‘पेपरचे भूत’ नावाच्या जुन्या रंगमंचीय युक्तीने दिसतात. प्रेक्षकासमोर प्रचंड मोठी काच असते, पण ती जाणवत नाही. यांत्रिक पुतळे त्याच्या नजरेआड, गाड्यांच्या वर व खाली अंधारात असतात. पुतळ्यांवर प्रकाश पडला, की त्यांचे प्रतिबिंब काचेत उमटते व ते काचेपलीकडच्या खऱ्या टेबलखुर्च्यांमध्ये तरंगताना दिसते. प्रकाश गेला, की भूतही गेले. प्रतिबिंबात डावे-उजवे उलटत असल्याने नाचणाऱ्या जोडप्यांत बाई पुरुषाला नाचवताना दिसते. ही चूक नीट पाहिल्यास आजही सापडते. युक्तीचे श्रेय वादग्रस्त आहे. मूळ कल्पना हेन्री डर्क्स या अभियंत्याची. लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये १८६२ च्या नाताळात ती सुटसुटीत करून दाखवली जॉन हेन्री पेपर यांनी. पेटंट दोघांच्या नावे असले, तरी लोकांच्या तोंडी पेपरच राहिले. काचेतील प्रतिबिंबाने वस्तू नसलेल्या जागी दाखवण्याचे वर्णन सोळाव्या शतकात जाम्बात्तिस्ता देल्ला पोर्ता या इटालियन पंडिताने केलेले आढळते. त्यामुळे डर्क्स यांचाही दावा निर्विवाद नाही.

युनिव्हर्सल : या कंपनीची परंपरा स्टुडिओची. हॉलीवुडमध्ये १९६४ पासून ट्रॅममधून चित्रीकरणस्थळे दाखवली जात. म्हणजे कथा दाखवण्यापेक्षा कथा कशी रचतात हे उघड करणे हाच तेथला आनंद होता. फ्लॉरिडात ७ जून १९९० रोजी उघडलेल्या उद्यानातही हाच सूर होता. १९९९ च्या आयलंड्स ऑफ ॲडव्हेंचरमध्ये तो बदलला आणि १८ जून २०१० रोजी तेथेच हॅरी पॉटरचे हॉग्समीड गाव उघडल्यावर पारडे फिरले. चित्रपटांचे कलादिग्दर्शक स्टुअर्ट क्रेग यांचा या रचनेत सहभाग होता. फ्लॉरिडाच्या उन्हात छपरांवर कायमचा बर्फ आहे, गल्ल्या मुद्दाम अरुंद आहेत, ओळखीच्या कंपन्यांचे कोला गावात मिळत नाहीत आणि बटरबिअर नावाचे पेय हाच एक व्यवसाय होऊन बसला आहे. हॉगवर्ट्स या जादूच्या शाळेच्या किल्ल्यातील राइड यांत्रिक भुजेवर चालते. पण बोलकी चित्रे व मुख्याध्यापकांची खोली यांतून जाणारी रांगच अनेकांना अधिक आवडते. नॉट यांच्या कोंबडीच्या रांगेची आठवण येथे सहज होते.

८ जुलै २०१४ रोजी शेजारच्या उद्यानात डायगन ॲली ही हॅरी पॉटरच्याच कथेतील जादूगारांची बाजारगल्ली उघडली. तिचे प्रवेशद्वार लंडनच्या घरांच्या दर्शनी रांगेत, विटांच्या भिंतीआड दडवलेले आहे. दोन्ही भाग जोडणाऱ्या हॉगवर्ट्स एक्सप्रेस या आगगाडीच्या खिडक्या म्हणजे पडदे असून जाताना व येताना त्यांवर वेगळी गोष्ट दिसते. पुढचा प्रवासी स्थानकाच्या भिंतीत शिरल्याचा भास मागच्यांना होतो, तोही काचेच्या त्याच युक्तीने. गाडीत बसायला दोन्ही उद्यानांचे तिकीट लागते, हे कथेत कोठे सांगितलेले नाही.

गॅलेक्सीज एज : हॅरी पॉटरच्या गावाला डिझ्नीने दिलेले उत्तर, म्हणजे ‘स्टार वॉर्स’ चित्रपटांवरील हा विभाग, ३१ मे २०१९ रोजी कॅलिफोर्नियात व त्याच वर्षी २९ ऑगस्टला फ्लॉरिडात उघडले. येथे उलटी वाट धरली गेली. स्टार वॉर्समधील परिचित स्थळ न घेता बाटू हा नवा ग्रह कल्पिला आणि कथाकाळही ठरवून टाकला. पाट्या काल्पनिक लिपीत, कर्मचारी ग्रहवासीयांच्या बोलीत बोलणारे. कोका-कोला मिळे, पण गोल बाटलीत व त्याच लिपीत. बाटली हातबाँबसारखी दिसते म्हणून अमेरिकी विमानतळ सुरक्षा यंत्रणेने ती नेण्यास आधी मनाई केली व नंतर ती मागे घेतली. ठरवलेल्या काळात न बसणारी आवडती पात्रे गाळावी लागली, ही तक्रार मात्र राहिली. २०२२ पासून ते बंधन सैल होत गेले. पाहुण्याला दोन रात्री कथेतले पात्र बनवणारे अंतराळनौकेच्या रूपातील हॉटेल मार्च २०२२ मध्ये उघडून सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाले. अपयशाचे कारण दर की रचना, याविषयी दुमत आहे. दर फार चढा होता, हे दोन्ही पक्षांना मान्य आहे. ओळखीच्या जागी जाण्याची ओढ नव्या जागेच्या कुतूहलाहून प्रबळ ठरली, असे निदान या जोडीपुरते म्हणता येईल.

एफ्टेलिंग : काट्सहेवेल येथील परीकथांचे वन १९५२ चे, म्हणजे डिझ्नीलँडच्या आधीचे. चित्रकार आंतोन पीक यांनी खऱ्या विटा-लाकडाचा आग्रह धरला. कागद ‘खाऊन’ आभार मानणारा लठ्ठ खेइस हा बोलका कचराडबा लहान मुलांना विशेष प्रिय आहे. कचरा संपला, की ती पालकांकडे कागद मागू लागतात. १९६६ चे ‘भारतीय कमळे’ हे दृश्य बेल्जियमच्या राणी फाबिओला यांच्या कथेवर बेतले आहे. त्यातील भारत अर्थातच परीकथेतला.

महाराष्ट्र : गोराईचे एस्सेल वर्ल्ड (१९८९; आता बंद) मुख्यतः पाळण्यांचे होते. खोपोलीजवळच्या इमॅजिकामध्ये (२०१३) मात्र कथेवर भर होता आणि ‘मिस्टर इंडिया’ चित्रपटावरील राइड हे त्याचे ठळक उदाहरण. पुण्याच्या गणेशोत्सवातील हलते देखावे याच कुळातले म्हणता येतील. ध्वनिमुद्रित निवेदन, फिरणारे पुतळे, ठरलेल्या क्षणी पडणारा प्रकाश हे सगळे त्यांत असते; फक्त प्रेक्षक रस्त्यावर उभा असतो आणि तिकीट नसते.