जोडी पडद्यावरची, आडनाव आपलं

बिग बॉस मराठीचा पाचवा सीझन २८ जुलै २०२४ ला सुरू झाला आणि ६ ऑक्टोबरला संपला. सूत्रसंचालक लातूरचा रितेश देशमुख, घरात स्पर्धक म्हणून छत्रपती संभाजीनगरची निक्की तांबोळी. म्हणजे मराठवाड्याला भांडायला हक्काचं कारण. कुठली जोडी खरी, कुठली कॅमेऱ्यापुरती, कुणी कुणाला वापरून घेतलं यावर इन्स्टाग्रामवर एडिट, म्हणजे गाणं लावून जोडलेल्या क्लिपा, निघाले आणि एडिटखाली शिव्या निघाल्या. शो संपला, पेजेस मात्र चालूच राहिली. आवडत्या दोघांची जोडी जुळावी म्हणून भांडायचं, याला शिपिंग म्हणतात; ही भांडणं म्हणजे मोबाईलने आणलेलं खूळ, असं घरातली मोठी माणसं म्हणतात. मोबाईलने बरंच काही आणलं, पण हे नाही.

खंडोबाला म्हाळसा आणि बाणाई अशा दोघी. म्हाळसा वाण्याची, बाणाई धनगराची. नळदुर्ग-अणदूरपासून लोहा तालुक्यातल्या माळेगावपर्यंत कुठेही जागरण घातलं की रात्री कधीतरी या दोघींचं भांडण निघतंच. म्हाळसा सवतीची जात काढते, मेंढरं काढते, राहणं-खाणं काढते. बाणाईही ऐकून घेणारी नाही. ऐकणाऱ्यांत कोण कुणाच्या बाजूचा, हे कुठल्या टोमण्यावर कोण खुलतो त्यावरून समजतं, आणि त्याचा संबंध बहुतेक वेळा ऐकणाऱ्याच्या स्वतःच्या घराण्याशी असतो. पण म्हाळसाची बाजू मांडतात तेच वाघ्या-मुरळी थोड्या वेळाने बाणाईचीही मांडतात. शाहिरांच्या कलगी-तुऱ्यात तर पक्ष पाडूनच बसायचे. शक्ती थोर म्हणणारे कलगीवाले, शिव थोर म्हणणारे तुरेवाले. टोमणे तिथेही जिव्हारी लागणारे असत. फक्त सवाल टाकणाऱ्याला समोर उभं राहून टाकावा लागे आणि जवाबही तिथेच ऐकावा लागे.

छापील कादंबरी आल्यावर या भांडणात एक तिसरा माणूस आला, तो म्हणजे लेखक. अमेरिकेत लुइसा मे अल्कॉट यांच्या 'लिटल विमेन'चा पहिला भाग १८६८ मध्ये आला आणि वाचक मुलींची पत्रं सुरू झाली: नायिका ज्योचं लग्न शेजारच्या लॉरीशी लावा. अल्कॉट वैतागल्या. कुणाला खूश करण्यासाठी मी हे लग्न लावणार नाही, असं त्यांनी डायरीत लिहून ठेवलं आणि पुढच्या वर्षी आलेल्या दुसऱ्या भागात ज्योला वयाने बऱ्याच मोठ्या जर्मन प्रोफेसराच्या गळ्यात घातलं. दीडशे वर्षं उलटली तरी काही वाचक त्यांना माफ करायला तयार नाहीत.

आजच्या फॅनडमची, म्हणजे चाहत्यांच्या जगाची, घडण मात्र १९६६ मध्ये सुरू झालेल्या 'स्टार ट्रेक' या अमेरिकन टीव्ही मालिकेपासून धरतात. चाहते, आणि त्यात बायका मोठ्या संख्येने, स्वतः कथा लिहून, सायक्लोस्टाइल करून पोस्टाने एकमेकींना पाठवायच्या. १९७० च्या दशकात मालिकेतल्या कर्क आणि स्पॉक या दोन पुरुषांच्या प्रेमाच्या कथा आल्या आणि चाहत्यांत पहिली मोठी फूट पडली. १९९३ पासूनच्या 'एक्स-फाइल्स' या मालिकेने भांडण इंटरनेटवर नेलं. तिच्यातल्या मल्डर आणि स्कली या तपास करणाऱ्या दोघांचं जुळावं म्हणणारे 'रिलेशनशिपर', पुढे नुसते 'शिपर'. प्रेमबिम नको, तपास दाखवा म्हणणारे 'नोरोमो'. ही नावं चाहत्यांनी स्वतःच घेतलेली होती, त्यामुळे त्या वादात थोडी गंमत शिल्लक होती.

गंमत संपल्याची खूण हॅरी पॉटरच्या वेळी दिसते. हर्मायनी हॅरीची की रॉनची, यावर चाहत्यांनी वर्षानुवर्षं पुस्तकांतली वाक्यं काढून वकिलासारखे युक्तिवाद केले. जुलै २००५ मध्ये सहावा भाग आला आणि निकाल रॉनच्या बाजूने लागल्यासारखा झाला. त्यानंतर लगेच लेखिका जे. के. रोलिंग यांची मुलाखत दोन चाहत्यांनीच घेतली. त्यातल्या एकाने हॅरी-हर्मायनीवाल्यांना भ्रमिष्ट म्हटलं. रोलिंग यांनी तो शब्द उचलून धरला नाही, पण खुणा तर ठळक दिल्या होत्या, असं त्यांनी सांगितलं. बस्स. हरणं लोक पचवतात, पण भर सभेत वेड्यात काढलेलं पचत नाही. संतापाची पत्रं निघाली, जुने मित्र तुटले. त्यावर कडी म्हणजे २०१४ मध्ये खुद्द रोलिंगच दुसऱ्या एका मुलाखतीत म्हणाल्या की रॉन-हर्मायनीची जोडी आपण वैयक्तिक कारणांनी जमवली होती, कथेची ती गरज नव्हती. नऊ वर्षांपूर्वी हरलेला पक्ष पुन्हा मैदानात उतरला!

तोवर जुन्या चाहत्यांनी काही रीत बसवली होती. कथेच्या वरच जोडीचं नाव लिहायचं, नको असेल त्याने पुढे जायचं. २००९ मध्ये खुल्या झालेल्या 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' या फॅनफिकच्या, म्हणजे चाहत्यांनी लिहिलेल्या कथांच्या, संग्रहाची सगळी रचनाच या टॅगवर उभी आहे. सोशल मीडियाच्या फीडने ही रीत मोडली. तुम्ही चिडून कॉमेंट केली की अल्गोरिदमच्या हिशेबी तुम्हाला ते आवडलं, आणि नको असलेली जोडी पुन्हा तुमच्याच दारात. वर भाषाही बदलली. समोरच्याची आवड वेगळी आहे, हे पुरेना. ती आवड असणारा माणूसच वाईट, इथवर मजल गेली. २०१५ मध्ये एका अमेरिकन कार्टून मालिकेची चाहती म्हणून चित्रं काढणाऱ्या तरुणीचा, पात्रं 'चुकीची' रंगवली म्हणून इतका छळ झाला की तिने जीव देण्याचा प्रयत्न केला. ती वाचली. आपण न्यायाच्या बाजूने लढतोय, अशी छळणाऱ्यांची समजूत होती.

आपल्याकडे हे सगळं एकदम आलं. ऑगस्ट २०१६ मध्ये 'माझ्या नवऱ्याची बायको' सुरू झाली, पुढच्याच महिन्यात जिओ आलं. राधिकाने नवऱ्याला धडा शिकवून घरी आणावं की सौमित्रचा हात धरावा, हा वाद टीव्हीसमोरून उठून थेट फोनमध्ये गेला. जून २०२० मध्ये टिकटॉक बंद झालं, रील्स आली आणि जोड्यांचे एडिट करणं परभणी-हिंगोलीच्या पोरापोरींच्या हातचा मळ झाला. कोरियन मालिका आणि बीटीएस या कोरियन बँडमुळे तर लातूरच्या नीटच्या क्लासला बसलेली मुलगी आणि ब्राझीलमधली मुलगी एकाच तटात आल्या.

एका गोष्टीत मात्र मराठवाड्याचं भांडण ब्राझीलपेक्षा वेगळं आहे. फॅनपेजला आडनाव नसतं. कुठलीतरी 'मून', कुठलीतरी 'राणी', पुढे आवडत्या जोडीचं जोडनाव. इथे आडनाव सांगितलं की निम्मी ओळख परस्पर ठरते; २०२५ मध्ये जातीवरून ओळख नको म्हणून बीड पोलिसांना नावाच्या पाट्यांवरून आडनावं काढावी लागली, यावरून काय ते समजावं. अशा मुलखात बिनआडनावाचं खातं म्हणजे मोठीच मोकळीक. आणि वाद पेटला की पहिला घाव याच मोकळीकीवर पडतो. सुरुवात साधी असते: "तुला काय कळायलंय का?" मग "कामून एवढी आग लागायली?" मग कुणीतरी जुन्या पोस्टमधला कॉलेजच्या गॅदरिंगचा फोटो काढतं, त्यावरून खरं नाव, नावावरून आडनाव. तिथून पुढे जोडीचा विषयच राहत नाही. हिरोईन कुणाची, हे विसरून "तुमचे लोक असेच" सुरू होतं. बाहेर ज्याला डॉक्सिंग म्हणतात त्यात पत्ता आणि फोन नंबर उघड करतात. आपल्याकडे बऱ्याचदा नुसतं आडनाव पुरतं.

मुलगी असेल तर स्क्रीनशॉट भावापर्यंत पोचवायची धमकी येते. एखाद्या बाईच्या ऑनलाइन वावरावर पाळत ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे, आधी तो भारतीय दंड विधानात ३५४-ड खाली होता. पण तक्रार द्यायची तर घरी सांगावं लागतं, आणि घरी कळलं की पहिल्यांदा जप्त होतो तो तिचाच फोन. म्हणून ती तक्रार देत नाही, पेज डिलीट करते. दोन-तीन महिन्यांनी नव्या नावाचं पेज निघतं. जोडी तीच. या वेळी गॅदरिंगचा फोटो नसतो.