पेशी-आसंजन रेणू आणि भ्रूणातील रक्तवाहिन्या

भ्रूणातली रक्तवाहिनी सुरुवातीपासून नळी नसते. सुट्या पेशी जमतात, त्यांचा भरीव दोर होतो आणि तो मग आतून पोकळ होतो. पेशींना चिकटवून ठेवणारे रेणू म्हणजे पेशी-आसंजन रेणू; त्यांतले शेजारच्या पेशीला धरणारे कॅडहेरिन आणि पेशीबाहेरच्या जाळीला धरणारे इंटिग्रिन या कामात सतत लागतात. मात्र पकड घट्ट असून भागत नाही. ती नेमक्या जागी सुटावीही लागते.

वाहिनीच्या अस्तरपेशींतला मुख्य रेणू व्हीई-कॅडहेरिन. कॅल्शियम असेल तरच तो ताठ राहून समोरच्या पेशीतल्या आपल्यासारख्याच रेणूला धरतो. कॅल्शियम काढून घेतले की सांधे उसवतात. उंदराच्या भ्रूणाच्या महारोहिणीत (हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीत) पोकळी होताना तो दोन पेशींच्या मधून कडेला सरकतो. मोकळ्या झालेल्या पृष्ठांवरची ऋणभारित प्रथिने एकमेकांना ढकलतात आणि फट पडते. रक्त पुढे तिथूनच वाहते.

व्हीई-कॅडहेरिनचे जनुक काढलेल्या उंदरांत वाहिन्या जुळतात, पण टिकत नाहीत. अस्तरपेशी मरतात आणि भ्रूण गर्भावस्थेच्या साधारण 9.5 व्या दिवशी दगावतो. अल्फा-5 इंटिग्रिन नसले तर 10-11 व्या दिवशी. उलट पीकॅम-1 हा आणखी एक आसंजन रेणू पेशींच्या सांध्यांवर भरपूर असूनही त्याच्याविना उंदीर जन्मतो आणि जगतो. तेव्हा रेणू किती दिसतो यावरून तो किती गरजेचा, हे ठरवू नये. अल्फा-व्ही-बीटा-3 इंटिग्रिन प्रतिपिंडाने अडवले की कोंबडीच्या भ्रूणपटलात नव्या वाहिन्या थांबतात. बीटा-3 विना उंदीर मात्र जगतात. अडवणे आणि मुळातच नसणे यांत फरक आहे.

मुंबईच्या कॉलेजांत प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे दिसते ते 24, 33, 48 आणि 72 तास उबवलेल्या कोंबडीच्या भ्रूणांच्या स्लाइडमध्ये. जिवंत पाहायचे तर वाण्याकडची अंडी निरुपयोगी. ती फलित नसतात, कितीही उबवा. हॅचरीतली फलित अंडी मे महिन्याच्या उकाड्यात टेबलावर राहिली की भ्रूण आधीच वाढू लागतो आणि तासांचा हिशेब कोलमडतो. ती 13 ते 16 अंशांवर ठेवावीत. मग 37.5 ते 38 अंशांवर, आडवी उबवावीत. कवचात खिडकी कापण्याआधी सुईने 2-3 मिलिलिटर पांढरा भाग काढून घ्यावा, म्हणजे भ्रूण कवचापासून खाली उतरतो. नाहीतर कात्री थेट वाहिन्यांत शिरते. 33 तासांना पिवळ्या बलकावर विखुरलेली रक्तद्वीपे (रक्त आणि वाहिन्या घडवणाऱ्या पेशींचे पुंजके) असतात. 48 तासांना त्यांचे जाळे झालेले असते आणि हृदयाच्या ठोक्यागणिक त्यातून रक्त सरकताना दिसते.