पॉइंट टू-टूच्या सैनिकी प्रतिकृती : रूप आणि कस

बेळगावकराला रायफलीचं अप्रूप कमी. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर इथलं, कॅम्पात पहाटे धावणाऱ्या जवानांच्या तुकड्या रोजच्या, आणि खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या गावांत फौजेतून पेन्शनवर आलेली माणसं गल्लोगल्ली भेटतात. एनसीसीतल्या पोरापोरींनी झाडलेली पहिली गोळी बहुतेकदा पॉइंट टू-टूचीच, म्हणजे ०.२२ इंची नळीच्या रायफलीचीच असते, २५ यार्डांवरच्या कागदावर. हीच मुलं मोबाइलवर परदेशी सैन्यांच्या एम-फोर रायफलीची किंवा एमपी-फाइव्ह सबमशीनगनची प्रतिकृती बघतात. रूप हुबेहूब सैनिकी, पण आत पॉइंट टू-टूचं चिमुकलं काडतूस. मग ती विचारतात : ही रायफल म्हणायची का खेळणं?

याचं उत्तर काडतुसापासून सुरू करावं लागतं. आजच्या सैनिकी काडतुसाच्या बुडाशी मधोमध प्रायमरची, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या स्फोटकाची, छोटी टोपी बसवलेली असते आणि फायरिंग पिन तिथेच आदळते. पॉइंट टू-टू मात्र ‘रिमफायर’ जातीचं, म्हणजे कडेवर ठोका घेणारं. त्यात अशी वेगळी टोपी नसते. पुंगळीच्या, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळीच्या, बुडाची कड बाहेर दुमडून आतून पोकळ ठेवतात आणि स्फोटक मिश्रण पुंगळी गरगर फिरवून त्या पोकळीत पसरवतात. पिन कडेवर आदळली की पितळ चेपतं आणि मिश्रण पेट घेतं. बनवायला सोपं, स्वस्त आणि आटोपशीर. १८८७ साली आलेलं पॉइंट टू-टू लाँग रायफल हे काडतूस आजही जगभर अफाट खपतं, त्याचं मोठं कारण ही स्वस्ताई.

पण या सोयीची किंमत आहे. कड पिनेच्या ठोक्याने चेपली जायची, तर पितळ पातळच हवं. आणि पातळ पितळ फार दाब सोसू शकत नाही. म्हणून पॉइंट टू-टूचा कमाल दाब १,६५० बारच्या आसपास ठेवतात. आपल्या फौजेच्या इन्सास रायफलीच्या ५.५६ मिमी काडतुसात तो ४,००० बारच्या वर जातो. शिवाय मिश्रण कडेत सगळीकडे सारखं पसरलं नसेल, तर पिन नेमकी कोरड्या जागी पडते आणि गोळी उडतच नाही. रणांगणावर असं काडतूस कोणी नेणार नाही. सरावाला मात्र ते उत्तम.

सरावाला का, ते आकड्यांतच दिसतं. पॉइंट टू-टूची गोळी २.६ ग्रॅमची, वेग सेकंदाला साधारण ३३० मीटर, म्हणजे ऊर्जा १४० ज्यूलच्या आसपास. इन्सासची ४ ग्रॅमची गोळी सेकंदाला ९०० मीटरने निघते, ऊर्जा सोळाशे ज्यूलच्या घरात. खांद्याला बसणाऱ्या दणक्यातला फरक याहून मोठा. तो गोळी आणि तिच्यामागून सुटणारा वायू यांच्या एकत्रित संवेगावर (वस्तुमान गुणिले वेग) ठरतो, आणि मागे येणाऱ्या रायफलीची ऊर्जा त्या संवेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. हिशेब मांडला तर चार किलोच्या ७.६२ मिमी रायफलीचा दणका १५ ज्यूलच्या आसपास येतो, पॉइंट टू-टूचा एका ज्यूलच्या पाव भागाइतकाही भरत नाही. शिकाऊ माणूस दणक्याच्या धास्तीने ट्रिगर दाबण्याआधीच डोळे मिटतो, खांदा आखडतो. पॉइंट टू-टूवर ही धास्ती बसत नाही. श्वास, नेम, ट्रिगरवरचा सावकाश दाब यांकडे पुरतं लक्ष देता येतं.

ही गोष्ट सैन्यांनी फार पूर्वीच ओळखली होती. १८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धात ब्रिटिशांना आपल्या लोकांच्या नेमबाजीतली उणीव कळली आणि पॉइंट टू-टूसारख्या अरुंद नळीच्या रायफलींवरच्या सरावाला जोर आला. फौजेतल्या झिजलेल्या .३०३ इंची रायफलींच्या नळ्या पोखरून त्यात पॉइंट टू-टूची नळी बसवण्याची पद्धत तिकडे रुळली. बोल्ट (काडतुसामागून नळी बंद करणारा भाग), दस्ता, वजन, साइट सगळं मूळ रायफलीचंच, आणि रिकामं केलेलं मॅगझिन पुंगळ्या गोळा करायला. जर्मनीत १९३४ मध्ये माउझरच्या सैनिकी रायफलीच्या धाटणीची पॉइंट टू-टू आली, अमेरिकेत स्प्रिंगफील्डची १९२२ ची आवृत्ती. या सगळ्या पोलाद आणि लाकडाच्या होत्या. माझ्या मते प्रतिकृतीचा खरा कस इथेच लागतो : हात जी सवय शिकेल, ती मोठ्या रायफलीवर तशीच उपयोगी पडली पाहिजे.

गेल्या वीसेक वर्षांत आलेल्या प्रतिकृतींचं गणित वेगळं आहे. आतलं यंत्र साधं ब्लोबॅक असतं, म्हणजे काडतुसाच्या दाबानेच बोल्ट मागे ढकलला जातो. मूळ एम-फोरमध्ये गोळी सुटताना बोल्ट फिरून कुलूपबंद असतो, इथे तो नुसता स्वतःच्या वजनावर आणि स्प्रिंगवर टेकलेला. दाब कमी असल्यामुळे तेवढं पुरतं. नळी, बोल्ट आणि पिन पोलादाची असली की बाकीचं कवच कशाचंही चालतं, आणि बरेच उत्पादक ते झमाक या मिश्रधातूत ओततात.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या ओतकामवाल्यांना हा धातू सांगायला नको. जस्तात ॲल्युमिनियम, तांबं आणि थोडं मॅग्नेशियम. चारशे अंशांच्या आतच वितळतो, साच्याच्या बारीक कोपऱ्यांत शिरतो, आणि मशीनिंग जवळजवळ न करता खाचा, अक्षरं, नक्षी हुबेहूब उतरते. शिवाय त्याची घनता ६.६ च्या पुढे, ॲल्युमिनियमची २.७. म्हणजे जिथे मूळ रायफलीचं अंग ॲल्युमिनियमचं, तिथे प्रतिकृती हातात अधिक भारी, अधिक ‘अस्सल’ वाटते. गिऱ्हाईक भुलतं ते या वजनाला.

झमाक वाईट नाही, पण त्याचा स्वभाव ओळखावा लागतो. वितळबिंदू इतका खाली असल्याने नेहमीच्या तापमानालाही सततच्या ताणाखाली तो हळूहळू सरकतो. जोरात आवळलेला स्क्रू काही काळाने सैल पडतो, आटे झिजतात, आणि नळी अंगाला जोडणारा सांधा हलू लागला की नेम बिघडतो. जस्तात शिशाचा अंश जास्त राहिला, तर दमट हवेत धातूच्या कणांमध्ये गंज शिरून भाग फुगतो, तडकतो. १९२० च्या दशकात अतिशुद्ध जस्त वापरून झमाक तयार झाला, तो हाच रोग टाळण्यासाठी. खानापूरच्या पावसाळ्यात असली ओतीव वस्तू कपाटात ठेवणाऱ्याने ही शुद्धता आधी बघावी.

याउलट स्मिथ अँड वेसनच्या एम अँड पी फिफ्टीन-ट्वेंटीटू या मॉडेलने वजनाचा हट्टच सोडला. अंग पॉलिमरचं, वजन अडीच किलोच्या आसपास. सेफ्टी, मॅगझिन सोडायचं बटण, बोल्ट अडकवणारी कळ मोठ्या रायफलीच्याच जागी, आणि सगळ्या खऱ्या चालतात. काही प्रतिकृतींत असल्या कळा नुसत्या शोभेला असतात. काहींत तर अमेरिकी कायद्यातली सोळा इंची नळीची अट पाळायला लांब नळी खोट्या सायलेन्सरमध्ये दडवलेली असते. मला हलकी पण खरं काम करणारी रायफल जास्त मोलाची वाटते.

अडचण सर्वांत जास्त येते मॅगझिनमध्ये. बाहेरून ते ३० गोळ्यांच्या सैनिकी मॅगझिनएवढं रुंद, आत पॉइंट टू-टूची अरुंद वाट. काडतुसाची कड बाहेर आलेली असल्याने वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या पुढेच हवी. मागे पडली की अडकली. .३०३ चालवलेल्या जुन्या फौजींना हे दुखणं पाठ आहे, कारण तेही काडतूस कडवालंच होतं, जरी त्याचा प्रायमर मधोमध होता.

दुसरा पेच दारूगोळ्याचा. ब्लोबॅकचा बोल्ट पुरता मागे यायला जोरदार काडतूस लागतं, म्हणून अशा रायफलींना सेकंदाला ३८० मीटरच्या आसपास वेगाची काडतुसं मानवतात. आवाजाचा वेग १५ अंशांना ३४०, ३५ अंशांना ३५२ मीटर. बेळगावच्या थंडीत काय, उन्हाळ्यात काय, ३८० ने निघालेली गोळी वाटेत आवाजाच्या वेगाखाली उतरते, आणि त्या उतरणीवर हवेचा झोत तिला डगमगवतो. स्पर्धेतले नेमबाज म्हणूनच मुद्दाम सावकाश काडतूस घेतात, पण त्याने प्रतिकृतीचा बोल्ट अर्ध्यातच थांबू शकतो. अशा रायफलीकडून स्पर्धेच्या रायफलीसारखी अचूकता मागणं तिच्यावर अन्याय आहे.

निवड करणाऱ्याने एक गोष्ट जरूर विचारावी : कोरडा ट्रिगर, म्हणजे आत काडतूस नसताना, ओढलेला चालतो का? सैनिकी सरावात तो शेकडो वेळा ओढतात. पण रिमफायरमध्ये पुढे काडतूस नसेल, तर पिन थेट चेंबरच्या (काडतूस बसतं त्या खोबणीच्या) कडेवर आदळू शकते, तिथे खड्डा पडतो आणि पुढे पुंगळ्या अडकू लागतात. चांगल्या रचनेत पिन त्याआधीच अडवलेली असते.

आपल्याकडे ७.६२, .३०३ आणि ९ मिमी या फौजी मापांची शस्त्रं सामान्य परवान्यावर मिळत नाहीत, आणि पॉइंट टू-टूलाही १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतोच. ते योग्यही आहे, कारण ही छोटी गोळी नळी वर रोखून सुटली तर दीड किलोमीटरपर्यंत जाते. सीमाभागातल्या पोरांना सध्या या जातीची रायफल हातात मिळते ती एनसीसीच्या रेंजवरच, उस्तादाच्या नजरेखाली. तिच्यावर एम-फोरचं रूप नाही. पण पोलादी नळी आणि बोल्ट तेवढाच खरा आहे, आणि भरतीनंतर इन्सास हातात आली की श्वास आणि ट्रिगर यांचा तोच धडा पुढे चालू राहतो. दणक्याची सवय मात्र त्या मोठ्या रायफलीवरच करावी लागते.