‘बँकेतून बोलतोय’: एका फोनची पार्श्वभूमी

मराठवाड्यातल्या जुन्या माणसांच्या तोंडी अजून ‘हैदराबाद बँक’च आहे. निजामाच्या राज्यात 1941 साली निघालेली, 1956 पासून स्टेट बँक ऑफ हैदराबाद. तिथं आपण जायचं, स्लिप भरायची, पासबुकावर एन्ट्री मारून घ्यायची. बँक आपणहून फोन करत नसे. फार तर थकबाकीची नोटीस यायची. त्यामुळं ‘बँकेतून बोलतोय’ हे वाक्य आमच्या गल्लीत कित्येकांनी पहिल्यांदा ऐकलं ते भामट्याच्याच तोंडून.

याची सुरुवात एका चांगल्या नियमातून झाली. ऑगस्ट 2009 पासून रिझर्व्ह बँकेनं ऑनलाइन व्यवहाराला कार्डावर न छापलेली जादा खूण, म्हणजे पासवर्डसारखं काहीतरी, सक्तीची केली. पुढं ओटीपी रुळला. नुसता कार्डनंबर चोरून भागेना, म्हणून चोराला ग्राहकाशी गोड बोलणं भाग पडलं. झारखंडातलं जामताडा याच धंद्यानं बदनाम झालं.

28 ऑगस्ट 2014 ला जनधन योजना आली आणि ज्यांनी कधी बँकेची पायरी चढली नव्हती त्यांच्याही हातात कार्ड पडलं. 2016 ला नोटबंदी. मग 1 एप्रिल 2017 ला हैदराबाद बँक स्टेट बँकेत विलीन झाली. आयएफएससी कोड बदलले, चेकबुकं बदलायची वेळ आली. खरेच मेसेज येत होते, त्यात खोटे फोन सहज खपून गेले.

परभणीत मामांना त्याच वर्षी असा फोन आला, हिंदीतून. आमच्याकडं साहेब हिंदीत बोलला तर कुणाला वावगं वाटत नाही. त्यानं कार्डाचे पहिले सहा आकडे स्वतःच सांगितले. मामांनी कार्ड काढून पाहिलं, तर बरोबर! उरलेले दहा मग त्यांनीच वाचून दाखवले. ते पहिले आकडे बँक आणि कार्डाचा प्रकार दाखवतात, हजारो ग्राहकांचे तेच असतात, हे मामांना कोण सांगणार? ओटीपी आला, पण तो बारीक मेसेज चष्म्याशिवाय दिसेना. चष्मा शोधेपर्यंत मामेभाऊ घरात आला आणि पैसे वाचले. “अरे, त्याला सगळंच माहीत होतं की,” मामा कितीतरी दिवस म्हणत होते.

पुढं केवायसी, पीकविमा, पीएम-किसान, 2024 ला लाडकी बहीण: जे त्या आठवड्याच्या पेपरात, तेच फोनवर. आता व्हॉट्सॲपवर एपीके फाइलही येते, उघडली की मोबाइलात चोराचं ॲप बसवणारी. घाई मात्र तीच, आणि फोन ठेवू न देणंही तेच.

जुलै 2017 च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकानुसार ओटीपी आपणच सांगितला तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून बँकेला आणि 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायला संध्याकाळची वाट पाहायची नसते. जानेवारी 2025 मध्ये रिझर्व्ह बँकेनं सेवा आणि व्यवहारांचे कॉल 1600 नं सुरू होणाऱ्या नंबरांवरूनच करायला सांगितलं.

तरी मागं शाखेतल्या खऱ्याच साहेबांनी पीककर्ज नवं-जुनं करायचं म्हणून स्वतःच्या मोबाइलवरून मामांना फोन केला. मामांनी ‘येतो शाखेत’ म्हणून कट केला.