टाकीत फाटलेलं खत आणि पेशीतली हाक

तासगावजवळच्या द्राक्षबागेत मेहुण्याने गेल्या छाटणीनंतर एक घोळ घातला. घाईत त्याने कॅल्शियम नायट्रेट आणि बारा-एकसष्ट एकाच टाकीत ओतलं. बारा-एकसष्ट हे फॉस्फेटचं खत. वेगवेगळी विरघळवली तर दोन्ही पाणी निवळशंख. एकत्र आल्यावर मात्र टाकीत दूध नासल्यासारखे पांढरे कण दिसायला लागले आणि हळूहळू तळाला बसले. "दाजी, हे काय झालंय बघा की," म्हणून त्याने मला हाक मारली, तोवर निम्मं पाणी ठिबकच्या नळ्यांत, लॅटरलमध्ये, गेलेलं. पुढचे दोन दिवस ड्रीपर चोक, ॲसिड सोडून नळ्या धुणं आणि घरच्यांची बोलणी.

मला मात्र त्या टाकीत पृथ्वीवरच्या पहिल्या पेशींची अडचण दिसत होती. कॅल्शियम आणि फॉस्फेट भेटले की न विरघळणारा साका तयार होतो. सगळ्या सजीवांचा कारभार तर फॉस्फेटवर चालतो: डीएनएचा कणा फॉस्फेटचा, आणि पेशीचं रोजच्या खर्चाचं चलन, म्हणजे एटीपी, तेही फॉस्फेटचंच. बाहेर समुद्र कॅल्शियमने भरलेला. ते आत मोकाट शिरलं असतं तर पेशीची गत मेहुण्याच्या टाकीसारखी झाली असती, आणि पेशीला काही ॲसिड सोडून धुता येत नाही.

म्हणून पेशीने पंप बसवले. आपल्या पेशींच्या पडद्यावरचा पंप एक कॅल्शियम आयन बाहेर टाकायला एक एटीपी मोजतो, आणि हे काम चोवीस तास चालू असतं. परिणाम असा, की आपल्या रक्तात जेवढं मोकळं कॅल्शियम आहे, त्याच्या साधारण दहा हजारांश पेशीच्या आत असतं. जिवाणूही कॅल्शियम बाहेर फेकतात. म्हणजे सुरुवात निव्वळ साफसफाईची.

पण इतकी सफाई केली की एक वेगळीच सोय होते. मिरजेच्या विसर्जन मिरवणुकीत कुणी तुम्हाला हाक मारली तर ऐकू येत नाही. पहाटे तीनला दाराची कडी वाजली तर अख्खं घर जागं होतं. सोडियमची पेशीत आधीच वर्दळ, थोडं अजून आलं तर कुणाला पत्ता लागत नाही. कॅल्शियमचं दार क्षणभर किलकिलं झालं तरी आतलं प्रमाण झटक्यात दहापट चढतं. जे विष म्हणून बाहेर ठेवलं, त्याचीच हाक झाली.

ही युक्ती खऱ्या अर्थाने फोफावली ती केंद्रक असलेल्या गुंतागुंतीच्या पेशींत, दीडशे कोटी वर्षांहून आधी. या पेशी जिवाणूंपेक्षा कितीतरी मोठ्या, त्यामुळे एका टोकाची खबर दुसऱ्या टोकाला पोचवणं हा खरा प्रश्न होता. त्यांनी आतच पडद्यांच्या पिशव्यांत कॅल्शियम साठवलं, म्हणजे हाक मारायला दर वेळी बाहेरून आणायला नको. एकेकाळी स्वतंत्र जिवाणू असलेली मायटोकाँड्रियाही कॅल्शियम शोषून घेते आणि ऊर्जानिर्मितीचा वेग वाढवते. ही हाक ऐकणारा कान म्हणजे कॅल्मोड्युलिन नावाचं चिमुकलं प्रथिन. त्याला कॅल्शियम धरायच्या चार जागा असतात. त्या भरल्या की त्याचा आकार बदलतो आणि ते दुसऱ्या प्रथिनांना कामाला लावतं. त्याच्या १४८ अमिनो आम्लांच्या कड्यांची साखळी माणसात आणि कोंबडीत तंतोतंत सारखी आहे. इतक्या काळात ज्याला हात लावायची सोय नव्हती, ते किती मोक्याचं असेल!

डोळ्यांनी बघायचं असेल तर वाळलं गवत चार-पाच दिवस डबक्याच्या पाण्यात भिजत ठेवा आणि एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरा. चपलेच्या आकाराचा पॅरामिशियम हा एकपेशीय जीव गवताच्या काडीला धडकतो, थबकतो, चक्क रिव्हर्स घेतो, जरा वळतो आणि पुन्हा पुढे निघतो. ना मेंदू, ना मज्जातंतू. नाइतोह आणि एकर्ट या शास्त्रज्ञांनी १९६९ मध्ये याचं गमक दाखवलं: धडक बसली की पडद्यावर विजेचा इशारा उठतो, त्याने कॅल्शियमची दारं उघडतात, कॅल्शियम आत शिरतं आणि पोहायचे केस उलटे वल्हवू लागतात. कॅल्शियम बाहेर गेलं की गाडी पुन्हा सरळ.

चिंग कुंग या शास्त्रज्ञांनी तर असे पॅरामिशियम वेगळे काढले, ज्यांना मागे जाताच येत नव्हतं, कारण त्यांची कॅल्शियमची दारं बिघडलेली. त्यांनी त्यांना नाव दिलं 'प्यादं'. सांगलीसारख्या बुद्धिबळाच्या गावात हे समजावून सांगायची गरज नाही. विजेच्या इशाऱ्यावर उघडणाऱ्या दारांचं हेच घराणं आज आपल्या हृदयातही आहे, तिथे दर ठोक्याला कॅल्शियम आत सोडतं.

जमिनीवरच्या वनस्पतींनी मात्र ही विशिष्ट दारं वाटेत कुठेतरी गमावली. त्यांच्या हिरव्या शेवाळ नातलगांत ती अजून सापडतात. म्हणून वेल मुकी झाली असं नाही, तिने दुसरी दारं वापरली. पाण्याचा ताण बसला की द्राक्षाच्या पानावरच्या छिद्रांच्या राखणदार पेशींत कॅल्शियम चढतं आणि छिद्रं मिटतात. ॲसिडने धुतलेल्या नळ्यांतून पाणी सुरू होईपर्यंत, त्या दोन दिवसांच्या भर दुपारी, मेहुण्याच्या बागेतली पानं बहुधा तेच करत होती.