शिक्षकांचे समुपदेशक, समुपदेशकांचे शिक्षक : ॲडलरपंथी प्रशिक्षणाची पार्श्वभूमी

काही वर्षे समुपदेशनाचे काम केलेल्या व्यक्तीला व्हिएन्नाचे डॉक्टर आल्फ्रेड ॲडलर यांच्या मानसशास्त्राची शिक्षक म्हणून तयार करावे, ही कल्पना आज इतकी सरळ वाटते की तिला काही इतिहास असेल असे चटकन मनात येत नाही. आधी काम करावे आणि हात बसल्यावर ते दुसऱ्याला शिकवावे, हा क्रम सुतारापासून शल्यविशारदापर्यंत सर्वत्र आढळतो. ॲडलरपंथात मात्र सुरुवात उलट्या टोकाकडून झाली. शंभर वर्षांपूर्वी व्हिएन्नात जो प्रश्न होता तो शाळेतल्या शिक्षकाला समुपदेशक कसे करावे, हा होता. समुपदेशकाला शिक्षक कसे करावे, हा प्रश्न बऱ्याच नंतर, दुसऱ्या खंडात आणि वेगळ्याच गरजांतून उभा राहिला. आजच्या प्रशिक्षणातले बरेचसे वाद या उलटापालटीतून आलेले आहेत.

आल्फ्रेड ॲडलर 1911 मध्ये फ्रॉइडच्या वर्तुळातून बाहेर पडले, हे सर्वश्रुत आहे आणि त्यांच्या मानसशास्त्रातला ‘न्यूनगंड’ हा शब्द तर मराठी घरांत रोजच्या बोलण्यात मुरलेला आहे. त्यामुळे सिद्धान्ताची ओळख येथे करून देत नाही. प्रशिक्षणाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची घटना 1915 सालची आहे. व्हिएन्ना विद्यापीठात अध्यापनाचा अधिकार मिळावा म्हणून ॲडलर यांनी 1912 मध्ये केलेला अर्ज वैद्यक विद्याशाखेने 1915 मध्ये फेटाळला. पुढे 1927 मध्ये नोबेल पारितोषिक मिळवणारे मनोविकारतज्ज्ञ वागनर-यॉरेग यांचा प्रतिकूल अहवाल त्यामागे होता. विद्यापीठाचे दार बंद झाल्यामुळे हे मानसशास्त्र लोकशिक्षणाच्या वर्गांत, कॉफीगृहांच्या टेबलांवर आणि पहिल्या महायुद्धानंतर समाजवादी नगरपालिकेच्या शाळांत शिकवले जाऊ लागले. शहराच्या शालेय मंडळाचे प्रमुख ओटो ग्ल्योकेल यांच्या शाळासुधारणेने त्याला जागा दिली आणि 1924 मध्ये शहराच्या शिक्षणशास्त्र संस्थेत ॲडलर यांना अध्यापनाचे पद मिळाले. त्यांच्यासमोर बसणारा विद्यार्थीवर्ग मुख्यतः प्राथमिक आणि माध्यमिक शाळांतल्या शिक्षकांचा होता. विद्यापीठाने त्यांना सामावून घेतले असते, तर हे घडले असते का, याची मला शंका आहे.

1920 च्या दशकाच्या अखेरीस व्हिएन्नात ॲडलरपंथी बालमार्गदर्शन केंद्रांची संख्या 25 च्या पुढे गेली होती. बहुतेक केंद्रे शाळांच्या इमारतींत भरत आणि तेथील काम प्रायः विनामोबदला चाले. कामाची पद्धत ठरलेली होती. वर्गातल्या एखाद्या अवघड मुलाची हकीकत शिक्षक लिहून आणी. ॲडलर ती सर्वांसमक्ष वाक्यावाक्याला थांबत वाचत आणि प्रत्येक वाक्यानंतर आपला तर्क मोठ्याने मांडत. पुढच्या वाक्याने तर्क खोटा ठरला, तर तोही सर्वांसमोर मागे घेत. मग पालकांना आत बोलावले जाई, त्यानंतर मुलाला, आणि दोघांशी होणारे बोलणे जमलेले शिक्षक ऐकत. मूल गेल्यावर चर्चा होई. म्हणजे मुलाला मदत आणि शिक्षकांचे शिक्षण ही दोन कामे एकाच खोलीत, एकाच तासात उरकली जात.

याच काळात फ्रॉइडपंथी मनोविश्लेषणाने नेमका विरुद्ध मार्ग धरला होता. 1920 मध्ये बर्लिनला स्थापन झालेल्या संस्थेने घालून दिलेली चौकट 1925 च्या बाड होम्बुर्ग परिषदेनंतर सर्वत्र प्रमाण मानली जाऊ लागली. शिकणाऱ्याने स्वतःचे विश्लेषण करून घ्यावे, देखरेखीखाली काही रुग्ण पाहावेत आणि सिद्धान्ताचे वर्ग करावेत, अशी ती त्रिसूत्री होती. त्या परंपरेत गुरूचे काम बंद दाराआड चालते; शिष्याने गुरूला अनुभवायचे ते स्वतः त्याचा रुग्ण होऊन. ॲडलरपंथात मात्र गुरूला काम करताना पन्नास जण पाहत, आणि त्यांतले निम्मे मनातल्या मनात त्याच्या चुका मोजत असणार. मुलाला अशा सभेसमोर बसवणे योग्य आहे का, हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला आणि तो पोकळ नव्हता. त्यावर उत्तर असे दिले जाई की मुलाची अडचण ही त्याची खाजगी लाज नसून समूहाचा प्रश्न आहे, हे त्याला प्रथम तेथेच जाणवते. गोपनीयतेच्या आजच्या कसोट्या लावल्या तर हे उत्तर अपुरे पडेल. शिकण्याचे साधन म्हणून त्या पद्धतीची बरोबरी करणारे दुसरे काही अद्याप सापडलेले नाही, असे मात्र म्हणावे लागते.

1931 मध्ये ऑस्कर श्पील, फर्डिनांड बिर्नबाउम आणि फ्रांझ शार्मर या शिक्षकांनी याच तत्त्वांवर एक प्रायोगिक शाळा चालवायला घेतली. फेब्रुवारी 1934 मध्ये समाजवाद्यांचा उठाव चिरडून हुकूमशाही सरकारने समाजवादी नगरपालिका बरखास्त केली आणि शाळा व केंद्रे दोन्ही बंद पडली. ॲडलर तोपर्यंत अमेरिकेत बस्तान बसवत होते. 28 मे 1937 रोजी व्याख्यानदौऱ्यावर असताना स्कॉटलंडमधील ॲबर्डीन येथे त्यांचा मृत्यू झाला.

त्यानंतरची गोष्ट मुख्यतः शिकागोची आहे. व्हिएन्नातच घडलेले मनोविकारतज्ज्ञ रुडॉल्फ ड्रायकर्स 1937 मध्ये ऑस्ट्रियातून बाहेर पडले, ब्राझीलमार्गे शिकागोला पोहोचले आणि 1939 मध्ये त्यांनी तेथील एका समाजकेंद्रात बालमार्गदर्शनाचे काम सुरू केले. 1952 मध्ये प्रशिक्षणासाठी स्वतंत्र संस्था उभी राहिली, तिचेच पुढे विद्यापीठ झाले. ड्रायकर्स यांनी सार्वजनिक समुपदेशनाची पद्धत कायम ठेवली. समोरचा श्रोतृवर्ग मात्र बदलला. शिक्षकांच्या जागी आता प्रामुख्याने पालक येऊन बसू लागले, आणि दुसऱ्याच्या घरातली कटकट ऐकता ऐकता आपल्या घरातली उमजते, या साध्या अनुभवावर ते काम उभे राहिले.

अनुभवी समुपदेशकाला शिक्षक करण्याची रीत, आज आपण ज्या अर्थाने बोलतो त्या अर्थाने, येथे प्रथम आकाराला आली. नवा माणूस आधी श्रोत्यांत बसे. मग त्याला खेळघरात पाठवत. पालकांशी बोलणे चालू असताना मुले तेथे खेळत आणि त्यांचे वागणे टिपून नंतर सभेला सांगणे हे त्याचे काम असे. पुढे मुख्य समुपदेशकाच्या शेजारी सहसमुपदेशक म्हणून खुर्ची मिळे, त्यानंतर मुख्य खुर्ची, आणि सर्वांत शेवटी दुसऱ्या कोणाला तरी शेजारी बसवून घेण्याची जबाबदारी. अध्यापन ही त्या जिन्याची वरची पायरी होती, दुसरा जिना नव्हता. संगीतातल्या गुरुकुलाशी याची तुलना करण्याचा मोह मराठी माणसाला होईल. फरक एवढाच की येथे गुरूची तालीमसुद्धा तिकीट न लावता सर्वांना खुली होती.

या पद्धतीत काय शिकवता येते आणि काय येत नाही, याचे चांगले उदाहरण म्हणजे ड्रायकर्स यांची प्रश्न विचारण्याची लकब. मुलाच्या गैरवर्तनामागे लक्ष वेधणे, सत्ता गाजवणे, सूड घेणे किंवा आपली असमर्थता दाखवून सुटका करून घेणे, असे चार हेतू असू शकतात, अशी त्यांची मांडणी होती. हेतूचा अंदाज आला की ते मुलाला आरोपाच्या सुरात न सांगता विचारत : ‘असे तर नसेल ना, की आईने सतत तुझ्याच मागे असावे असे तुला वाटते?’ अंदाज बरोबर असला तर मुलाच्या चेहऱ्यावर क्षणभर एक ओळखीचे हसू उमटते, डोळ्यांत चमक येते, तीच पावती. प्रश्नाचे शब्द पुस्तकातून पाठ करता येतात, पण ते हसू ओळखायची नजर कोणाच्या तरी शेजारी बसूनच येते. शब्दच तेवढे उचलणारे अनुयायी पुढे बरेच निघाले, आणि गुरूचा फटकळपणाही त्यांनी सोबत उचलला, ही तक्रार पंथाच्या आतूनच होत आली आहे.

येथे ‘शिक्षक’ या शब्दाचा गुंता सोडवणे आवश्यक आहे, कारण त्याच्याभोवती प्रशिक्षणाचे अर्धे वाद फिरतात. व्हिएन्नाच्या कागदांत शिक्षक म्हणजे शाळेतला शिक्षक, समुपदेशन शिकायला आलेला. शिकागोच्या परंपरेत शिक्षक म्हणजे लोकांना, विशेषतः पालकांना, हे मानसशास्त्र शिकवणारा. तिसऱ्या अर्थाने तो समुपदेशकांना घडवणारा प्रशिक्षक असतो. जर्मनीत तर चौथाच अर्थ प्रबळ झाला. तेथे 1967 मध्ये विश्लेषणात्मक मानसोपचाराचा खर्च सार्वजनिक आरोग्यविम्यातून मिळू लागला आणि त्या चौकटीत बसण्यासाठी ॲडलरपंथी संस्थाही हळूहळू मनोविश्लेषणाच्या प्रशिक्षणपद्धतीजवळ सरकल्या. परिणामी ज्या पंथाने बंद दार नाकारले होते, त्याच्याच जर्मन शाखेत शिकवण्याचा अधिकार शिकणाऱ्याचे विश्लेषण करणाऱ्या ज्येष्ठाकडे गेला. एकाच नावाखाली वावरणारी ही चार माणसे एका बैठकीत बसली, तर ‘शिक्षकाची पात्रता’ या विषयावर त्यांचे एकमत होईल अशी अपेक्षा धरणेच चूक आहे. मराठीतही गोंधळ कमी नाही : ‘समुपदेशन’ या आपल्या शब्दाच्या पोटातच ‘उपदेश’ बसलेला आहे, आणि उपदेश करणाराला शिकवायला वेगळे काय शिकायचे, असा प्रश्न कोणी प्रामाणिकपणे विचारला तर त्याला हसता येत नाही.

अमेरिकेत 1976 या एकाच वर्षी परस्परविरुद्ध दिशांनी ओढणाऱ्या दोन गोष्टी घडल्या. ड्रायकर्स 1972 मध्ये वारले होते. त्यांच्या विचारांवर आधारलेला एक पालक-प्रशिक्षण संच 1976 मध्ये बाजारात आला. ध्वनिफिती, पुस्तिका आणि गटप्रमुखासाठी मार्गदर्शिका असे सगळे त्यात होते, आणि मार्गदर्शिका हाती असली की समुपदेशक नसलेला माणूसही गट चालवू शकत होता. त्याच वर्षी व्हर्जिनिया राज्यात समुपदेशकांना परवाना देण्याची कायदेशीर व्यवस्था सुरू झाली. पुढे एकेक राज्य तिच्यामागे गेले आणि 2009 मध्ये कॅलिफोर्नियाच्या कायद्याने ती साखळी पूर्ण झाली. हे मानसशास्त्र सर्वांचे आहे, ते कोणीही कोणालाही शिकवावे, असे संच सांगत होता. ते कोणी वापरावे हे राज्य ठरवील, असे परवाना सांगत होता. दोन्हींच्या मधोमध सापडला तो अनुभवी समुपदेशक, ज्याला शिकवायचे होते.

2009 च्या प्रमाणकांतला एक निर्णय या दृष्टीने सर्वांत वादग्रस्त ठरला. समुपदेशनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाने असे ठरवले की 1 जुलै 2013 नंतर नव्याने नेमल्या जाणाऱ्या मुख्य अध्यापकांकडे ‘समुपदेशन-अध्यापन आणि पर्यवेक्षण’ याच विषयातली डॉक्टरेट असावी; आधीपासून पूर्णवेळ शिकवत असलेल्यांना तेवढी सूट देण्यात आली. समर्थकांची बाजू दुबळी नव्हती. समुपदेशन ही मानसशास्त्राची धाकटी बहीण नसून स्वतंत्र व्यवसाय आहे, हे सिद्ध करायचे तर त्याचे शिक्षक त्याच व्यवसायात घडलेले हवेत. शिवाय चांगले काम करणाऱ्याला शिकवता येतेच असे नाही, हेही खरे. पण परिणाम असा झाला की मानसशास्त्रातले पदवीधर नव्या नेमणुकांतून वगळले गेले आणि तीस वर्षे कुटुंबांसमोर बसलेला, पण डॉक्टरेट नसलेला समुपदेशक वर्गाच्या दाराशी थांबला. वैद्यकाची पदवी घेतलेले ॲडलर किंवा मनोविकारतज्ज्ञ ड्रायकर्स या नियमाखाली नव्याने अर्ज करते, तर दोघेही अपात्र ठरले असते. 1915 मध्ये विद्यापीठाने जे केले, तेच 2009 मध्ये व्यवसायाने स्वतःहून आपल्या माणसांवर ओढवून घेतले, असे वाटल्यावाचून राहत नाही. नियमाची गरज मान्य केली तरी, अर्जदाराचे प्रत्यक्ष काम कोणीतरी पाहावे ही एक अट पदवीच्या अटीइतक्याच ठळकपणे त्यात का नसावी, हे कळत नाही.

अभ्यासवर्ग, उन्हाळी शाळा आणि विद्यापीठाबाहेरचे प्रमाणपत्र अभ्यासक्रम यांना त्यानंतर जे महत्त्व आले, ते या पार्श्वभूमीवर समजून घ्यावे लागते. 1962 मध्ये ड्रायकर्स यांनी सुरू केलेली आंतरराष्ट्रीय उन्हाळी शाळा दरवर्षी निरनिराळ्या देशांत भरते, आणि ज्येष्ठ शिक्षक सर्वांसमक्ष समुपदेशन करतात हे तिचे वैशिष्ट्य टिकून आहे. अशा ठिकाणी शिकायला येणाऱ्या मुरलेल्या समुपदेशकाची अडचण नवशिक्यापेक्षा वेगळी असते. एखाद्याने बालपणीची आठवण सांगितली की त्यातला धागा त्याला ताबडतोब दिसतो, पण तो कसा दिसला हे सांगता येत नाही. शिक्षक व्हायचे तर त्याला आपलीच चाल मंद करून एकेक पाऊल उघडे करावे लागते. ॲडलर हकीकत वाचताना वाक्यावाक्याला थांबत, त्याचा उपयोग येथे कळतो. शब्दांचीही उजळणी करावी लागते. ‘जीवनशैली’ या शब्दाने ॲडलर यांना माणसाची जगाकडे पाहण्याची लहानपणीच ठरलेली रीत अभिप्रेत होती. आज तो शब्द आहार, व्यायाम आणि मधुमेहाच्या जाहिरातींनी पळवला आहे, आणि शिकवणाऱ्याचा पहिला तास तो परत आणण्यात जातो.

महाराष्ट्रात ॲडलर फारसे थेट आले नाहीत. ते आले मुख्यतः आडवाटेने : अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी आपल्या विवेकनिष्ठ मानसोपचारावरचे (अविवेकी विचार ओळखून ते बदलण्याच्या उपचारपद्धतीवरचे) ॲडलर यांचे ऋण उघडपणे मान्य केले होते, आणि मराठीत तो विवेकनिष्ठ उपचार पुस्तके, लेख व कार्यशाळांतून चांगला रुजला. एलिस स्वतःही लोकांसमोर प्रात्यक्षिक समुपदेशन करत. न्यूयॉर्कमधले त्यांचे शुक्रवारचे खुले वर्ग कित्येक वर्षे चालले. मराठी समुपदेशकांनी एलिस यांचे विचार आत्मसात केले, पण ते खुले व्यासपीठ फारसे उचलले नाही. आपल्याकडे पालकसभेत व्याख्यान होते, प्रश्नोत्तरे होतात, आणि ज्या आईला खरोखर काही विचारायचे असते ती कार्यक्रम संपल्यावर, खुर्च्या उचलल्या जात असताना, व्याख्यात्याला बाजूला गाठते.